शेडच्या दारापासून डॉक्टरच्या टेबलापर्यंत: डुकरांचे विषाणू आणि डुकरं सांभाळणारी माणसं

मे २०२० मध्ये बातमी आली की आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा जीवघेणा रोग आसाम-अरुणाचलात पोचला. टाळेबंदीचे दिवस होते, लोक आधीच धास्तावलेले. मी पशुवैद्य, सिंधुदुर्गातून, गोव्यातून मला फोन सुरू झाले आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच होता: "डॉक्टर, हा माणसाला लागतो का?"

नाही लागत. पण मला खटकलं ते वेगळंच. हीच माणसं खोकणाऱ्या डुकरांच्या तोंडाशी तोंड नेऊन औषध पाजतात, गाभडलेल्या मादीची पिल्लं उघड्या हातांनी उचलतात, आणि तेव्हा "हे आपल्याला लागेल का" असं कुणीही विचारत नाही.

आपल्या धंद्यातली गोम ही आहे. जे विषाणू शेड रिकामी करतात ते माणसाला शिवत नाहीत. आणि जे माणसाला शिवतात ते डुकरात फारसे दिसतच नाहीत. आफ्रिकन स्वाइन फीव्हर, क्लासिकल स्वाइन फीव्हर, २०१३ मध्ये मिझोरममधून देशात नोंदला गेलेला पीआरआरएस (गर्भ पाडणारा आणि श्वास कोंडणारा रोग) हे डुकरांचे काळ. माणसाला त्यांच्यापासून धोका नाही. लाळ्या-खुरकुताचंही व्यवहारात तसंच. उलट इन्फ्लुएन्झा झालेलं डुक्कर आठवड्याभरात पुन्हा गव्हाणीवर उभं राहतं. जपानी मेंदूज्वराचा विषाणू अंगात असलेलं मोठं डुक्कर मजेत लोळत असतं. हिपॅटायटिस ई या काविळीच्या विषाणूचा तर पत्ताही लागत नाही.

त्यात नावांचा घोळ. स्वाइन फीव्हर आणि स्वाइन फ्लू हे दोन अगदी वेगळे विषाणू आहेत. पहिला डुकराला मारतो, माणसाला काही करत नाही. दुसऱ्याचं नाव ऐकलं की पुण्यातल्या माणसाला ऑगस्ट २००९ आठवतो: देशातला पहिला मृत्यू, बंद शाळा, मास्कसाठी रांगा. तो एच१एन१ विषाणू मूळचा डुकरांतल्या विषाणूंच्या मिसळीतून झाला होता हे खरं. पण आपल्याकडे तो आला विमानातून, माणसांच्या नाकातून. पोर्क खाऊन तो होत नव्हता, तरी पोर्क विकणाऱ्यांचं गिऱ्हाईक तुटायचं ते तुटलंच.

पुढे जे सांगतोय ते दिवसाच्या क्रमाने. दहा-वीस माद्यांच्या शेडला डोळ्यासमोर ठेवलंय. मोठ्या फार्मवर यातलं बरंच आधीच असतं, निदान कागदावर तरी.

सकाळी, आत जाण्याआधी

दारात दोन मिनिटं थांबा आणि ऐका. डुकरांना तुमची चाहूल लागली की कल्लोळ होतो, मग खोकला ऐकू येत नाही. कोण खोकतंय, कोण उठत नाहीये, कोण कोपऱ्यात एकमेकांवर चढून निजलंय हे त्या दोन मिनिटांतच कळतं. थंडी नसताना डुकरं एकमेकांवर पडलेली दिसली तर ताप आहे असं धरून चाला.

मग पाय. शेडचे गमबूट शेडमध्येच राहतील, घरच्या चपला बाहेर. दारातल्या पाय बुडवायच्या टाकीबद्दल एक पाहिलेली गोष्ट सांगतो. एका शेडवर मालक मोठ्या अभिमानाने टाकी दाखवत होते. पाणी चहाच्या रंगाचं, वर आंब्याची पानं, आणि एका कडेला एक बेडूक निवांत बसलेला. ज्या पाण्यात बेडूक सुखाने जगतो त्यात विषाणूही सुखाने जगेल, एवढंच मी म्हणालो. जंतुनाशक शेणाला आणि चिखलाला भिडलं की तिथेच संपतं, विषाणूपर्यंत पोचत नाही. म्हणून टाकीआधी एक बादली साबणाचं पाणी आणि ब्रश हवा. तळवा घासून स्वच्छ करा, मगच टाकीत पाय. पाणी मळलं की बदला. पावसाळ्यात टाकीवर छप्पर नसेल तर ती ठेवून उपयोग नाही. औषध घेताना लेबलवर आफ्रिकन स्वाइन फीव्हरचं नाव आहे का ते बघा, कारण फिनेलच्या वासाने विषाणू मरत नाही.

रिकाम्या खोलीची फरशी धुवायला कॉस्टिक सोडा चांगला: दहा लिटर पाण्यात २०० ग्रॅम. सोडा पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही, उसळतं. रबरी हातमोजे आणि चष्मा घाला. जनावर आत असताना हा वापरायचा नाही.

बाहेरची माणसं शक्यतो आत नकोत. व्यापारी, खाटीक आणि आम्ही डॉक्टर मंडळी तर सगळ्यात धोक्याची, कारण आम्ही एका शेडवरून थेट दुसऱ्या शेडवर येतो. डॉक्टरला बूट बदलायला सांगायला लाजू नका.

खरकटं

आपल्याकडची बरीच वराहपालनं हॉटेलच्या खरकट्यावर चालतात. सकाळी टेम्पो निघतो, पिंपं भरून आणतो, खाद्याचा खर्च जवळजवळ शून्य. सरकारी सल्ला साफ आहे: देऊ नका. कारणही तसंच आहे. आफ्रिकन स्वाइन फीव्हरचा विषाणू पोर्कमध्ये, सॉसेजमध्ये, गोठवलेल्या डुकराच्या मांसात महिनोन्महिने टिकतो. २००७ मध्ये जॉर्जिया देशातल्या पोती बंदरावर जहाजांचं उष्टं डुकरांना घातलं गेलं आणि तिथून हा रोग रशिया, पूर्व युरोप असा पसरत गेला असं मानतात. २०१८ मध्ये तो चीनमध्ये होता आणि दोन वर्षांत आपल्या दारात. त्यामुळे लग्नातल्या पोर्क विंदालूची उरलेली पातेली तुमच्या शेडवर येत असतील तर धोका तुमच्या ताटातून डुकराच्या गव्हाणीत उलटा जातोय.

ज्यांना बंद करणं अजून परवडत नाही त्यांच्यासाठी जागतिक पशुआरोग्य संघटनेचा निकष आहे: ९० अंश सेल्सियसला किमान ६० मिनिटं, सतत ढवळत. चुलीवरच्या पिंपात वर बुडबुडे आणि मध्ये गार गोळा असं होतं, म्हणून ढवळणं महत्त्वाचं. आणि लोक चुकतात ते यानंतर. कच्च्याची बादली आणि शिजवलेल्याची बादली एकच असते. तासभर लाकडं जाळून मारलेला विषाणू त्याच बादलीने परत आत जातो. दोन रंगांच्या बादल्या घ्या. कच्चं उतरवणारा माणूस हातपाय धुऊन, कपडे बदलूनच शेडमध्ये जाईल एवढं पाहा.

नवीन जनावर, उसना नर

बाजारातून आणलेलं पिल्लू ३० दिवस वेगळं. वेगळं म्हणजे त्याच शेडच्या दुसऱ्या खणात नव्हे. वेगळं छप्पर, वेगळी बादली, वेगळा खराटा, आणि काम सगळ्यात शेवटी. स्वस्तात मिळालेलं डुक्कर बघितलं की माझ्या पोटात गोळा येतो. कुठे तरी मर सुरू झाली की मालक आधी विकायला काढतो, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी सगळे घेतात.

गावात एकच चांगला नर असतो आणि तो घरोघर फिरतो. क्लासिकल स्वाइन फीव्हर आणि पीआरआरएस दोन्ही वीर्यातूनही जातात. शक्य असेल तिथे कृत्रिम रेतन करून घ्या.

लस आहे ती क्लासिकल स्वाइन फीव्हरची, ती वेळापत्रकानुसार टोचून घ्याच. आफ्रिकन स्वाइन फीव्हरची लस म्हणून कुणी काही विकत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा.

खोकला

डुकराच्या श्वासनलिकेत पक्ष्यांच्या फ्लूलाही चिकटायला जागा असते आणि माणसांच्या फ्लूलाही. दोन विषाणू एकाच पेशीत शिरले तर त्यांच्या जनुकांची अदलाबदल होऊन तिसराच तयार होऊ शकतो. म्हणून साथरोगवाल्यांची डुकरावर एवढी नजर. ही देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी चालते. २०१२ मध्ये अमेरिकेत जत्रांतल्या पशुप्रदर्शनांमधून तीनशेहून अधिक लोकांना डुकरांचा एच३एन२ झाला, त्यात बहुतेक मुलं होती. आणि २००९ नंतर माणसांनी आपला फ्लू डुकरांना दिल्याची उदाहरणं जगभर सापडली.

त्यामुळे काम सोपं आहे, पाळणं अवघड. गड्याला सर्दी-ताप असेल तर त्या दिवशी तो डुकरांत जाणार नाही, आणि त्याची त्या दिवसाची मजुरी कापायची नाही. मजुरी कापलीत तर तो ताप लपवून येणारच. शेडवरच्या सगळ्यांनी दरवर्षी फ्लूची साधी लस घ्यावी. ती डुकरांच्या फ्लूपासून पुरतं संरक्षण देत नाही, पण एकाच अंगात दोन फ्लू भेटण्याची शक्यता कमी करते. पाच-सहा डुकरं एकदम खोकू लागली तर आत जाताना एन-९५ मास्क घाला, लहान मुलांना लांब ठेवा, आणि प्रेशरच्या पाण्याने धुणं थांबवा, कारण त्याने सगळं हवेत उडतं. शेडमध्ये तंबाखू मळणं, बिडी ओढणं बंद. हात तोंडाकडे नेण्याचा तो सगळ्यात सरळ रस्ता.

मलेशियातली आंब्याची झाडं

माणसाला खरोखर मारणारा डुकरांतून आलेला विषाणू कोणता, तर निपाह. आणि ती हकीकत प्रत्येक वराहपालकाने ऐकावी अशी आहे.

सप्टेंबर १९९८ च्या सुमारास मलेशियातल्या इपोहजवळ डुकरांच्या फार्मवरची माणसं तापाने, मेंदूच्या सुजेने आजारी पडू लागली. मेंदूज्वर आणि डुकरं म्हटल्यावर सगळ्यांनी ठरवलं की हा जपानी मेंदूज्वर. धुरळणी झाली, माणसांना लसी दिल्या. पण हिशेब जुळत नव्हता. जपानी मेंदूज्वर मुलांना जास्त होतो. इथे आजारी पडत होते ते फार्मवर राबणारे बाप्ये. लस घेतलेलेही पडत होते. शेजारच्या डास चावलेल्या घरांत काही नाही. डुकरांना मोठा, भुंकल्यासारखा खोकला होता, पण मरत होती थोडीच. मग लोकांनी घाबरून डुकरं विकली, आणि डुकरांबरोबर विषाणू दक्षिणेला नेगरी सेम्बिलानमध्ये गेला. मार्च १९९९ मध्ये चुआ कॉ बिंग या संशोधकाने मलाया विद्यापीठात हा नवाच विषाणू वेगळा केला; सुंगाई निपाह या गावावरून त्याला नाव मिळालं. साथ संपेपर्यंत मलेशियात २६५ जण आजारी पडून १०५ जण गेले. सिंगापूरच्या कत्तलखान्यात आलेल्या डुकरांमुळे तिथले ११ कामगार आजारी पडले, एक गेला. सुमारे ११ लाख डुकरं मारावी लागली.

सुरुवात झाली होती झाडांतून. फार्मवर डुकरांच्या कुंपणाला लागून आंब्याची झाडं होती. जोडधंदा, दुहेरी उत्पन्न. मोठी फळखाऊ वटवाघळं रात्री आंबे खायची, अर्धवट चावलेली, लाळ लागलेली फळं खाली पडायची आणि डुकरं ती खायची.

आता आपल्याकडे या. भारतातल्या साथींमध्ये, २००१ ची सिलिगुडी असो की २०१८ ची कोळिकोड, डुकरांचा संबंध आढळला नाही, हे आधी सांगतो. पण विषाणूच्या खुणा वटवाघळांत आहेत. महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांतही पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला त्या सापडल्या. आणि कोकण-गोव्यात शेड कुठे बांधतात? सावलीला. आंबा, फणस, काजूच्या खाली. मार्च-एप्रिलमध्ये काजूची बोंडं टोपल्या भरून डुकरांना घालतात.

झाड तोडा असं म्हणत नाही. शेडवर आलेल्या फांद्या उतरवा, मोकळ्या आवारावर पत्रा किंवा जाळी घाला, आणि रात्री खाली पडलेली, चावलेली फळं डुकरांना घालू नका. बोंडं घालायची तर हाताने काढलेली घाला. गव्हाणी आणि पाण्याच्या टाक्या झाकलेल्या असू द्या.

दिवेलागण

जपानी मेंदूज्वराचा डास, क्युलेक्स, भातखाचरात वाढतो आणि संध्याकाळपासून रात्रभर चावतो. विषाणू मुळात बगळे-ढोकऱ्यांसारख्या पाणपक्ष्यांत असतो. डास तो डुकरात आणतो, आणि डुकराच्या रक्तात तो काही दिवस इतका वाढतो की पुढचा प्रत्येक डास भरून जातो. गाईलाही हे डास चावतात, पण तिच्यात विषाणू असा वाढत नाही. माणसातही नाही, माणसापासून पुढे कुणाला जात नाही. डुकराची आणखी एक अडचण म्हणजे दर वेताला आठ-दहा कोरी पिल्लं तयार होतात, ज्यांना हा रोग आधी झालेला नाही. २००५ मध्ये गोरखपूरच्या बाजूला मुलांची काय अवस्था झाली ते जुन्या लोकांना आठवत असेल. मात्र तिथे भातखाचरं होती, पक्षी होते, लसीकरण नव्हतं. सगळं खापर डुकरांवर फोडणं बरोबर नाही.

करायचं काय? शेड घरापासून, विशेषतः मुलांच्या झोपण्याच्या जागेपासून जितकी लांब नेता येईल तितकी न्या. खिडक्यांना डासांची बारीक जाळी लावा आणि ती अंधार पडण्याआधी बंद करा. सांडपाण्याच्या खड्ड्यावर तवंग-शेवाळ साचू देऊ नका. तुमच्या जिल्ह्यात जपानी मेंदूज्वराची लस नियमित लसीकरणात असेल तर मुलांचे दोन्ही डोस, ९ महिन्यांचा आणि १६ ते २४ महिन्यांमधला, चुकवू नका. डुकरं मोकळी सोडू नका. गावातली भटकी डुकरं ही तुमच्याच नफ्यातली गळती आहे, कारण त्यांच्यामागे रोगही फिरतात. पट्टकृमीचा प्रश्नही निम्मा तिथेच सुटतो, पण तो विषाणू नव्हे, म्हणून इथे थांबतो.

मादी गाभडली तर

मेलेली पिल्लं, त्यात काही सुकून काळी पडलेली, वेगवेगळ्या आकारांची. कारण पार्व्होव्हायरस असेल, पीआरआरएस असेल, किंवा जपानी मेंदूज्वर. मोठ्या डुकरात मेंदूज्वराची दिसणारी खूण बहुधा एवढीच, म्हणून ही पिल्लं फेकून देऊ नका. हातमोजे घालून जाड पिशवीत बांधा, बर्फात ठेवा आणि डॉक्टरांमार्फत तपासणीला पाठवा. उरलेलं, वार आणि गवतासकट, चुना टाकून खोल पुरा. कुत्र्याला जाऊ देऊ नका. अशा वेळी घरातल्या गरोदर बाईला मदतीला बोलवू नका.

ताप आणि मर

थर्मामीटर ठेवा. गुदद्वारातून निरोगी डुकराचं तापमान साधारण ३८.७ ते ३९.८ अंश असतं, ४०.५ च्या वर गेलं की खेळ सुरू झाला. त्यात कान, पोट, मांड्या निळसर-लाल दिसल्या, उलट्या किंवा रक्ताची हगवण झाली आणि दोन-चार दिवसांत मोठी जनावरं मरू लागली, तर आफ्रिकन की क्लासिकल हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. मलाही येत नाही. प्रयोगशाळाच सांगू शकते.

त्या दिवशी १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन करा आणि शेडमधून काहीही बाहेर जाऊ देऊ नका: डुकरं, मांस, खत, पिंपं, काहीच. मेलेलं जनावर चिरून बघू नका. रक्त सांडलं की विषाणू जमिनीत गेला. मेलेलं जनावर नदीत तर टाकायचं नाहीच नाही. नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेपर्यंत जातात. आफ्रिकन स्वाइन फीव्हर निघाला तर १ किलोमीटरच्या आतली डुकरं मारली जातात आणि १० किलोमीटरपर्यंत पाळत ठेवतात. २००९ च्या कायद्याने रोग कळवणं बंधनकारक आहे. लोक भरपाईच्या काळजीने गप्प बसतात, पण भरपाई सरकारने मारलेल्या जनावरांची असते, आधीच मेलेल्यांची नव्हे. उशीर केलात तर तुमचाच आकडा घटत जातो.

सुरी आणि चूल

घरी डुक्कर कापणाऱ्यांनी हातावरची जखम झाकावी, हातमोजे घालावेत, आजारी दिसणारं जनावर कापू नये. ते "वाया जाईल" म्हणून कापलं जातं, तेच थांबवायचंय.

हिपॅटायटिस ईचे काही प्रकार डुकरांतून माणसात येतात, मुख्यतः कच्च्या-अर्धवट शिजलेल्या काळजातून, म्हणजे यकृतातून. फ्रान्सच्या कॉर्सिका बेटावर फिगातेल्लू नावाचं काळजाचं सॉसेज कच्चं खाण्याची पद्धत आहे, तिथल्या रुग्णांवरून हे ठळक झालं. भारतात काविळीच्या साथी होतात त्या मात्र वेगळ्या प्रकाराने, माणसांच्याच सांडपाण्यातून. आपल्या डुकरांत सापडतो तो प्रकार त्याहून वेगळा. तरी डुकरांचं खत विहिरीच्या वरच्या अंगाला टाकू नका.

गोव्याच्या सोरपोतेल या पोर्कच्या पदार्थात काळीज असतं, पण मांस आधी उकडून, मग बारीक कापून, तळून, पुन्हा शिजवतात. यात विषाणूला फारसा वाव नाही. चोरीस, म्हणजे गोव्याची पोर्क सॉसेज, मात्र धुरावलेली असली तरी कच्चीच असते. व्हिनेगर आणि धूर यांनी विषाणू मरतो असं धरू नका, फ्रीजरनेही नाही. पावात घालण्याआधी पूर्ण शिजवा. काळीज आतून गुलाबी राहता कामा नये. आतलं तापमान ७१ अंशांच्या वर जाऊन तिथे थोडा वेळ टिकलं पाहिजे. कच्चं कापलेली फळी आणि सुरी गरम पाणी-साबणाने धुतल्याशिवाय त्यावर कांदा चिरू नका.

डॉक्टरकडे गेल्यावर

ताप, डोकेदुखी, गुंगी, बडबड, झटका किंवा दम लागणं यातलं काहीही झालं तर दवाखान्यात पहिल्याच वाक्यात सांगा: "मी डुकरांत काम करतो." लाजेखातर बरेच जण "शेती करतो" म्हणतात. गेल्या तीन आठवड्यांत शेडवर काय झालं तेही सांगा: खोकला होता का, मादी गाभडली का, नवीन जनावर कुठून आलं. ही तारीखवार नोंद भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने केली तरी चालते. दवाखान्यात निघताना त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून न्या.